वस्ताद आणि पंच एकच नसावेत

मा. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक व सहकार राज्यमंत्री, नवी दिल्ली

सा. न. वि. वि.

मी वाळवा तालुक्यात ड्रोनने फवारणी करून देतो. ऊस डोक्यावर गेला की पाठीवर पंप घेऊन सरीत शिरता येत नाही, तेव्हा लोकांना आमची आठवण होते. हवाई वाहतूक आणि सहकार ही दोन्ही खाती आपल्याकडे आहेत, म्हणून आपल्यालाच लिहितोय.

आधी चांगलं ते सांगतो. 2021 च्या ड्रोन नियमांनी 25 अर्जांचे 5 केले आणि 72 प्रकारची शुल्कं 4 वर आणली. ड्रोन पायलट व्हायला दहावी पास, वय 18 ते 65, प्रमाणपत्राची सरकारी फी 100 रुपये. पुढे 2023 मध्ये पासपोर्टची अटही गेली. यातलं काहीही मागे घ्या असं माझं म्हणणं नाही. जुन्या कागदपत्रांच्या जंजाळात आमच्यासारख्यांचा निभाव लागला नसता.

माझी तक्रार एकाच ठिकाणी आहे. आज जी संस्था फी घेऊन शिकवते, तीच परीक्षा घेते, तीच पास करते आणि प्रमाणपत्रही तीच देते. आपण तालमीत घडलेले आहात. वस्ताद पोराला तयार करतो, पण मैदानात निकाल द्यायला पंच वेगळा असतो, हे मी आपल्याला काय सांगणार! मन लावून शिकवणाऱ्या संस्था आहेतच. पण पोराला नापास केलं की पुढची बॅच दुसऱ्या संस्थेकडे जाते, हे गणित प्रामाणिक संस्थेलाही चुकत नाही.

पायलटच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणात काय शिकून होतं? ड्रोन उडवता येतो, उतरवता येतो. आमच्या कामात खरी परीक्षा वेगळीच असते. दहा लिटरची टाकी भरलेला, 25 किलोच्या जरा आतला ड्रोन विजेच्या तारांखाली कसा चालवायचा? सिग्नल तुटला तर तो आपोआप माघारी येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण माघारी येण्याची उंची बांधावरच्या नारळापेक्षा कमी ठेवलेली असेल तर तो नारळात जाऊन बसतो. कालच्या 2,4-डी तणनाशकाची टाकी नीट न धुता आज द्राक्षावर गेलात, किंवा वारा तासगावच्या बागेकडे असताना शेजारच्या उसावर तेच मारलंत, तर बागायतदार तुम्हाला गावात राहू देणार नाही. बचत गटातल्या महिलांसाठीच्या नमो ड्रोन दीदी योजनेत पायलटच्या पाच दिवसांनंतर शेतीच्या फवारणीचे दहा दिवस वेगळे ठेवलेत, हे शहाणपणाचं आहे. माझ्यासारख्या खासगी माणसाला मात्र ते दहा दिवस सक्तीचे नाहीत. औषध दोघांच्या टाकीत एकच असतं.

बाहेरच्या देशांतलं सगळंच चांगलं असतं असं नाही. अमेरिकेत व्यावसायिक ड्रोन पायलटची लेखी परीक्षा 60 प्रश्नांची, 70 टक्के मिळाले की पास. ती स्वतंत्र परीक्षा केंद्रावर होते, क्लासमध्ये नाही. पण प्रत्यक्ष उडवून दाखवायची अटच नाही! तो भाग आपण बरा केलाय. कॅनडात ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्र हवं असेल तर सरकारी ऑनलाइन परीक्षेनंतर तपासनिसासमोर उड्डाण करावं लागतं, शिवाय दर 24 महिन्यांत सराव ताजा असल्याचं दाखवावं लागतं.

मला जपानची पद्धत पटते. डिसेंबर 2022 पासून तिथे राष्ट्रीय परवाना आहे. नोंदणीकृत शाळेत शिकलेल्याला प्रत्यक्ष परीक्षा माफ होते, म्हणजे शाळेवर विश्वास आहेच. लेखी मात्र सरकारने नेमलेल्या संस्थेकडेच द्यावी लागते. परवाना चालतो 3 वर्षं. आपला चालतो 10 वर्षं. दहा वर्षांत बॅटरी, नोझल, सेन्सर, औषधं सगळं बदललेलं असेल.

त्यामुळे विनंती अशी की लेखी परीक्षा देशभर एकच ठेवा, ती डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) किंवा त्याने नेमलेल्या त्रयस्थाने घ्यावी आणि मराठीतही असावी. युरोपात इस्टोनियाचा माणूस एस्टोनियन भाषेत ऑनलाइन परीक्षा देतो आणि त्याचं प्रमाणपत्र स्पेनमध्येही चालतं. मग इस्लामपूरच्या पोराला हवेच्या दाबावरचा प्रश्न इंग्रजीत का सोडवायला लावायचा? प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा संस्थेच्या मैदानावर होऊ द्या, फक्त परीक्षक दुसऱ्या संस्थेचा असावा. फवारणी करणाऱ्याला शेतीचा भाग सक्तीचा करा, मग तो दीदी असो की दादा. आणि दर दोन-तीन वर्षांनी उजळणी ठेवा. डीजीसीएच्या महासंचालकांनी सांगितलेली उजळणी पायलटने करावी असं नियमात आहेच, त्यासाठी नवा नियमही करावा लागणार नाही.

परीक्षकांचा खर्च कुठून काढायचा, असं अधिकारी विचारतील. प्रमाणपत्राची फी 100 ऐवजी 500 करा. प्रशिक्षणाला हजारो रुपये मोजणारा माणूस त्याला नाही म्हणणार नाही.

आपला नम्र,
वाळवा तालुक्यातील एक ड्रोनचालक