खिडकीचं तेवढं बघ

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन फिरवून तू नवी खोली दाखवलीस. ही भिंत, हे टेबल, हा पलंग, पुन्हा भिंत. आई म्हणाली, छान आहे. मी गप्प राहिलो म्हणून तू फुरंगटलीस. खिडकी कुठाय, एवढंच विचारायचं होतं मला. तू भिंतीवर टकटक केलीस तेव्हा प्लायवुड वाजलं. आणि मधेच खोकलीस.

मग तुझ्या न्यू यॉर्कमधल्या ऑर्चर्ड स्ट्रीटच्या ९७ नंबरच्या संग्रहालयातला फोटो आला, 'बाबा, तुमचा धडा!' एकतीस वर्षं एस. वाय.ला अमेरिकेचा इतिहास शिकवला आणि अमेरिका पाहिली ती तुझ्या फोनमधून. १८६३ सालची ती चाळच म्हणायची. १९३५पर्यंत सुमारे ७,००० माणसं तिथे राहून गेली. जर्मन, आयरिश, रशियाकडून आलेले ज्यू, इटालियन. बिऱ्हाड तीन खोल्यांचं, पण उजेड काय तो एका खोलीत. निजायची खोली पार आत. तिच्या भिंतीत नंतर खिडकी कापली, ती उघडते कुठे, तर स्वयंपाकघरात! तुझ्या फोटोत आहे बघ. मी बोटांनी मोठी करून पाहिली.

१८७९च्या कायद्याने प्रत्येक खोलीला बाहेरची खिडकी हवी म्हटलं. बिल्डर तिथलेही बिल्डरच. दोन इमारतींमध्ये अरुंद बोळकांडी सोडली आणि तिच्याकडे खिडक्या काढल्या. लोक तिच्यात कचरा टाकायचे, आणि आग लागली की तीच धुराड्यासारखी पेटायची. १९०१च्या कायद्याने तसलं बांधकाम बंद केलं. ते तुझ्या घरमालकाने प्लायवुड ठोकून परत आणलंय.

झालं, लेक्चर सुरू झालं. चुकलो.

तू म्हणशील, लोक मजाही करत होते. करत होतेच. रविवारी कोनी आयलंडच्या वाळूत पाय ठेवायला जागा नसायची. पुलित्झरच्या पेपरातल्या व्यंगचित्रांत १८९५पासून तो टकलू पोरगा झळकायला लागला, पुढे पिवळ्या झग्यातला. सगळं शहर त्याच्यावर खूश. तोही तसल्याच गल्लीतला. पण त्याला हसून पोरं निजायला जायची ती आतल्या खोलीतच ना? पत्रकार जेकब रीस, स्वतः १८७०त डेन्मार्कहून आलेला, पोलिसांच्या आसऱ्याला रात्री काढलेला. त्या खोल्यांचे फोटो काढायला त्याला मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागायची. एवढा अंधार.

गिरगावात आम्ही नऊ जण एका खोलीत होतो, पण गॅलरी होती. शेवटच्या वर्षी अण्णा गॅलरीतच निजायचे. आईने जुन्या लुगड्याचा आडोसा केला होता. रात्री पाणी द्यायला मी उठायचो. पितळी तांब्या गार लागायचा, आणि समोरच्या चाळीत कुणीतरी हमखास जागं असायचं. अण्णा म्हणायचे, वारा लागतोय तोवर बरंय. मी दहा वर्षांचा होतो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता का सांगतोय कोण जाणे.

आनंदीबाई जोशींचं नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं. ब्रुकलिनचा पूल १८८३च्या मेमध्ये खुला झाला आणि जूनमध्ये त्या न्यू यॉर्कला उतरल्या. वय अठरा. फिलाडेल्फियाच्या खोलीत शेकोटी पेटवली तर धूर, नाही पेटवली तर थंडी. तरी १८८६ला एम. डी. झाल्या. पुढचं लिहीत नाही.

रागावू नकोस. तुझ्या वयाचा असताना साधी सोलापूरची बदली आली तर मी रजा टाकून बसलो होतो. तू एकटी गेलीस, बँकेच्या कॅशियरला हे मी चौथ्यांदा सांगितलं, तो आता मला बघितलं की आधीच मान डोलावतो. तुझं तू बघशील, मला माहीत आहे. फक्त डॉक्टरला एकदा छाती दाखव.

आईने मेतकूट आणि ज्येष्ठमधाच्या कांड्या दिल्यात. कांडी चघळायची, गिळायची नाही.

तुझा,
बाबा

ता. क. खिडकीवाल्या खोलीला महिन्याला किती जास्त पडतात? नुसतं विचारतोय. एफडीची मुदत जूनमध्ये संपतेय.