जंतू सापडला, कारण सापडले का?

संपादक महोदय,

रुग्णालयात एकाच वेळी अनेकांना जुलाब सुरू झाले की पहिले बोट स्वयंपाकघराकडे जाते, भोजनाच्या ठेकेदाराला नोटीस निघते आणि प्रयोगशाळेने जंतूचे नाव कळवले की चौकशी आटोपली असे समजले जाते. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाचे प्रकरण म्हणूनच आपल्या आरोग्य प्रशासनाने वाचायला हवे.

पॅरालिम्पिक चळवळीची सुरुवात जिथे झाली, त्या या रुग्णालयात २००३ ते २००५ दरम्यान 'क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल' या जुलाब घडवणाऱ्या जंतूच्या दोन साथी आल्या. ३३४ रुग्णांना लागण झाली, किमान ३३ दगावले. जंतू कोणता, हे कोडे नव्हतेच. प्रतिजैविकांनी आतड्यातील नेहमीचे जंतू मारले की हा फोफावतो, हे १९७८च्या सुमारासच स्पष्ट झाले होते. त्याचे बीजाणू (जंतूचे टणक कवचातले सुप्त रूप) खाटेच्या कठड्यावर, कमोडवर, नीट न धुतलेल्या बेडपॅनवर महिनोन्‌महिने टिकतात आणि सॅनिटायझरला दाद देत नाहीत. हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात आणि रुग्णाला वेगळ्या खोलीत हलवावे लागते.

संसर्ग नियंत्रण पथकाने रुग्ण वेगळे ठेवण्याचा सल्ला दिलाही होता. वरिष्ठ व्यवस्थापनाने तो मानला नाही. जुलै २००६ मध्ये आरोग्यसेवांवर देखरेख ठेवणाऱ्या तेथील हेल्थकेअर कमिशनने अहवालात स्पष्ट लिहिले की सरकारने ठरवून दिलेली उद्दिष्टे आणि खर्चावरचे नियंत्रण यांना रुग्णांच्या सुरक्षिततेपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले. पहिल्या साथीनंतरही कोणी धडा घेतला नाही, आणि बातमी बाहेर फुटल्यावर मात्र चक्रे फिरली! शौचाच्या नमुन्याच्या डबीत असले कारण सापडत नसते.

स्वयंपाकघर नेहमीच निर्दोष असते, असे माझे म्हणणे नाही. एकच जेवण जेवलेले रुग्ण आणि कर्मचारी काही तासांच्या अंतराने आजारी पडले, तर संशय अन्नावर घेणे रास्तच आहे. परंतु एकाच वॉर्डात दोन-तीन आठवडे रोज एखाद-दुसरा रुग्ण वाढत असेल, तर ठेकेदाराला धारेवर धरण्याऐवजी प्रत्येकाची खाट, जुलाब सुरू झाल्याची तारीख, चालू असलेली प्रतिजैविके आणि रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या, हे एका कागदावर मांडून पाहावे. चौकशी समितीने हा तक्ता जाहीर करावा आणि संसर्ग नियंत्रण समितीने कोणता सल्ला केव्हा दिला व तो कोणी, कोणत्या कारणास्तव नाकारला, हेही त्यात नोंदवावे.

– एक निवृत्त परिसेविका, सातारा