घर बदलल्यावर पत्ता कळवण्याचा नियम

संपादक महोदय,

अमेरिकेत सहकुटुंब राहणाऱ्या परदेशी नागरिकांनी घर बदलल्यास १० दिवसांच्या आत ‘एआर-११’ अर्जाद्वारे नवा पत्ता तेथील स्थलांतर विभागाला कळवणे कायद्याने बंधनकारक असून, केवळ टपाल खात्याकडे पत्ता बदलून घेतल्याने ही जबाबदारी संपत नाही. एच-१बी व्हिसाधारकाने स्वतःचा अर्ज भरला की एच-४ व्हिसावरील पत्नी-मुलांचेही काम झाले, हा समज चुकीचा आहे. प्रत्येकाची स्वतंत्र नोंद लागते, आणि ग्रीन कार्डधारकही यातून सुटत नाहीत. अर्ज ऑनलाइन व विनाशुल्क आहे. मात्र तो न भरल्यास दंड, कैद, प्रसंगी हद्दपारीचीही तरतूद असल्याने, तेथील महाराष्ट्र मंडळांनी नवागत कुटुंबांना ही माहिती आवर्जून द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे