अंगठा सा वर ठेव

शिकागो,
९ नोव्हेंबर

प्रिय सुध्या,

पेटी दुरुस्त करून आणलीस, बरं केलंस. आता मी लिहितोय ते तिच्यावर वाजवून बघ, नुसतं वाचून सोडू नकोस.

साउथ साइडच्या एका चर्चमध्ये गॉस्पेल पियानो (इथल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांची साथ) शिकायला जातो, हे फोनवर बोललो होतोच. पहिल्याच रविवारी फजिती झाली. मी आपला प्रत्येक कॉर्ड (एकदम दाबायचे तीन-चार सूर) दोन्ही हातांनी, मुळापासून दाबतोय. सा-ग-प वरून म-ध-सा वर जायचं तर अख्खा हात उचलून उडी! क्वायर, म्हणजे चर्चचं गाणारं मंडळ, एकीकडे, मी एकीकडे. त्यात बेस गिटारवाल्याची आणि माझ्या डाव्या हाताची खालच्या सप्तकात मारामारी. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत. बोलल्या काहीच नाहीत, माझा डावा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला.

मग खालचे सूर त्या स्वतः वाजवायला लागल्या आणि मला म्हणाल्या, अंगठा हलवायचा नाही. तूही करून बघ. पांढरी एक सा धर. भाता मारायला कुणाला तरी बसव, तुला दोन्ही हात लागतील. उजवा अंगठा सा वर. खर्जात सा, वर सा-ग-प. मग खर्जात ग, वर सा-प-कोमल नी. खर्जात म, वर सा-म-ध. (हा म-ध-सा च की, फक्त सा खाली आला. इन्व्हर्जन म्हणतात ते एवढंच.) आता खर्जात तीव्र म आणि वर सा-कोमल ग-ध. हा चौथा जरा जास्त वेळ धर, लगेच सोडू नकोस. मग खर्जात प, वर पुन्हा सा-ग-प.

ऐकलंस? वरची बोटं जेमतेम थोडीशी सरकतात, आणि खाली मात्र जिना चढत जातो. दोन मध्यम लागोपाठ आले म्हणून नाक मुरडू नकोस, ललत ऐकताना डोळे मिटून बसतोस ते ठाऊक आहे मला! ललतात पंचम नाही, इथं त्या दोघांनंतर तो मिळतो, म्हणून तर जीव असा भांड्यात पडतो.

हा रंग ब्लूजमधून, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चबाहेरच्या, सुखदुःखाच्या गाण्यांतून आलाय. गॉस्पेलचे जनक म्हणतात ते थॉमस डॉर्सी आधी 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजवायचे, ब्लूज गायिका मा रेनीला पियानोची साथ करायचे. १९३२ पासून इथल्याच पिल्ग्रिम बॅप्टिस्ट चर्चचा क्वायर त्यांच्याकडे होता. सुरुवातीला कितीतरी चर्चांना असलं संगीत देवापुढे चालत नव्हतं. पिल्ग्रिमची ती इमारत २००६ साली जळाली. मी बाहेरून पाहून आलो.

बाईंचा दुसरा हट्ट म्हणजे बेसवाला असला की मूळ सूर त्याचा, आपण त्याला हात लावायचा नाही. मला अजून चोरी केल्यासारखं वाटतं, सा च्या कॉर्डमधून सा च गाळायचा म्हणजे काय! पण ग-प-कोमल नी एवढंच वाजवलं की गाणाऱ्यांचा आवाज मोकळा होतो, हे खरं.

गेल्या रविवारी बेसवाला आला नव्हता. डाव्या हाताला मांडीवरून उठायची परवानगी मिळाली. एका बोटाला.

तो चौथा कॉर्ड कसा वाटला, कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
विन्या