गोळीवरची तारीख

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "गोळी निघाली आत्ता, मग ती २ वर्षं टिकेल हे कंपनीला आजच कसं कळतं?" तेवढ्यात रेंज गेली. माझं रोजचं कामच ते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे खोलीएवढे चेंबर आहेत. एकात ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता, ६ महिने अखंड. दुकानात मिळते तशाच स्ट्रिपमध्ये गोळी आत ठेवायची आणि ठरल्या महिन्याला काढून तपासायची. औषध किती उरलं, गोळी नीट विरघळते का, नको ते काही तयार झालंय का. उष्णतेने औषध किती लवकर बिघडतं, त्याचं गणित अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडलं, त्यावरच आमचं पोट चालतं म्हणा ना. औषध सुरुवातीपेक्षा ५ टक्के घटलं तरी 'लक्षणीय बदल' अशी नोंद होते.

पण नुसत्या घाईच्या परीक्षेवर कुणी विसंबत नाही. शेजारच्या चेंबरमध्ये तीच गोळी ३० अंशांवर ठेवलेली असते. तिथले १२ महिने चांगले गेले आणि ४० अंशांवर ६ महिन्यांत काही बिघडलं नाही, तर २ वर्षांची तारीख मागता येते. तपासणी मात्र पुढेही चालूच.

आणि ही तारीख खरी कधी? पाकिटावर लिहिलंय तसं औषध ठेवलं तरच. सोलापूरच्या मे महिन्यात आपली पत्र्याची खोली कशी तापते ते मी काय सांगू! औषधांचा डबा तिथून आजच मधल्या खोलीत, भिंतीतल्या कपाटात हलवा.

आई, तू बाबांची रक्त पातळ करायची गोळी सोयीसाठी स्ट्रिपमधून काढून डबीत भरतेस, आणि डबी ओट्यावर, कुकरशेजारी. ती ॲस्पिरिन आहे. वाफेची ओल लागली की तिचं सॅलिसिलिक आणि ॲसिटिक आम्ल होतं. डबी उघडून वास घे. व्हिनेगरसारखा आंबूस आला तर सरळ टाकून दे आणि नवी पट्टी आण. यापुढे गोळी खायच्या वेळीच फोडायची.

बाबा, "महिनाच तर उलटलाय" हे चालणार नाही. जुन्या पट्ट्या एका पिशवीत बाजूला काढून ठेवा, गड्ड्याच्या यात्रेला आले की मी बघते. येताना काय आणू ते कळवा. शेंगाचटणी मात्र मी तिकडूनच नेणार, किलोभर तरी कुटून ठेव गं आई.

तुमची लेक