लव्हिंग काउंटीच्या अहवालाविषयी मुक्तास

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या लव्हिंग काउंटीवरचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) तुझ्या अहवालाचा मसुदा नीट वाचला. आकडे जमवण्यात तू कसूर केलेली नाहीस. मात्र लोकसंख्या अवघी ६४ आणि दरडोई उत्पन्न भरघोस, म्हणून काउंटी सुखवस्तू, हा तुझा निष्कर्ष मला पटत नाही.

आधी माणसे पाहा. १९४० च्या जनगणनेत तिथे २८५ रहिवासी होते, २००० मध्ये ६७, २०१० मध्ये ८२ आणि २०२० मध्ये ६४. ज्या दशकात आडव्या खोदाईमुळे ही काउंटी टेक्सासमधील आघाडीच्या तेल-उत्पादक काउंट्यांत गेली, नेमक्या त्याच दशकात तिथली माणसे घटली. तुझ्या अहवालाचा गाभा मला इथे दिसतो आणि तू तो एका ओळीत उरकला आहेस.

तेलविहिरींवर काम करणारा माणूस काही आठवडे कामगारांच्या छावणीत, ट्रेलरमध्ये राहतो आणि पाळी संपली की आपल्या घरी परततो. अमेरिकेची जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणी मोजते, त्यामुळे तो टेक्सासमधल्याच ओडेसा शहरात किंवा थेट लुइझियाना राज्यात धरला जातो. रोजगाराची नोंद मात्र कामाच्या जागेवरून होते, म्हणून त्याची नोकरी लव्हिंगच्या खात्यात पडते. तू या नोकऱ्यांना ६४ ने भागलेस, तेव्हा अंशातली माणसे वेगळी होती आणि छेदातली वेगळी. असा भागाकार कितीही दशांश स्थळांपर्यंत केला तरी त्यातून काही कळत नाही.

जनगणनेची प्रगणक म्हणून मी आपल्या तालुक्यात घरोघर फिरले आहे. दाराला गंजलेले कुलूप, अंगणात गवत, आणि शेजारीण सांगते, "ते मुंबयक असतत." सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. आपल्याकडे चाकरमानी बाहेर गेले आणि त्यांचा पैसा गावात आला. लव्हिंगमध्ये माणसे कामापुरती बाहेरून येतात आणि त्यांची मजुरी त्यांच्याबरोबर बाहेर जाते. दोन्हीकडे माणूस एकीकडे आणि त्याची कमाई दुसरीकडे आहे, हे लक्षात ठेवलेस तर तुझी तक्ते मांडण्याची रीतच बदलेल.

उत्पन्नाविषयी अधिक सावध राहा. एवढ्याशा वस्तीत दोन-चार कुटुंबांना जमिनीखालच्या तेलाचा स्वामित्वहक्काचा पैसा मिळू लागला की सरासरी कुठल्या कुठे जाते. शिवाय तू घेतलेला आकडा पाच वर्षांच्या नमुना पाहणीचा आहे आणि त्याच्याशेजारी छापलेली त्रुटीची मर्यादा, म्हणजे आकडा किती कमी-जास्त असू शकतो ते, तू गाळली आहेस. २०२० च्या जनगणनेत तर खाजगीपणा जपण्यासाठी काउंटीच्या एकूण संख्येतही हेतुपुरस्सर थोडा फेरफार केलेला आहे. राज्याची एकूण संख्या तेवढी अबाधित ठेवली आहे. लाखोंच्या जिल्ह्यात हा फरक जाणवणार नाही, पण ६४ मध्ये दोन-चार माणसे म्हणजे फार झाली.

"सुखवस्तू" हा शब्द ठेवायचा असेल, तर तिथे राहणाऱ्याला काय मिळते तेही लिही. मेंटोन हे काउंटीचे मुख्य ठिकाण, पण तिथली मुले शाळेसाठी शेजारच्या विंकलर काउंटीतील विंक या गावी जातात. पिण्याचे पाणी तर दीर्घकाळ बाहेरून आणावे लागले. काउंटीच्या तिजोरीत तेल आणि वायूच्या मालमत्तेवरील कर येतो, हे खरे. ती तिजोरी आणि रहिवाशांचे घरगुती उत्पन्न या दोन गोष्टी तुझ्या तिसऱ्या परिच्छेदात एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या वेगळ्या कर.

रहिवासी आणि कामगार यांचे दोन स्वतंत्र तक्ते करून सुधारलेला मसुदा सादर करण्यापूर्वी मला पाठव. दोन्हींत भाजक कोणता घेतलास ते प्रत्येक आकड्याखाली स्पष्ट लिही.

तुझी,
आई