बोलता फळा

विन्स्टन-सेलम, नॉर्थ कॅरोलिना
१८ जून

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

'तिकडं दिवसभर करतोस तरी काय?' हा तुझा निरोप मिळाला. फोनवर अंगठ्यानं दोन ओळी टाकून मोकळा झालो असतो, पण दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून नातीची वही मागून घेतली आणि बसलो लिहायला. लेक फोटो काढून तुला पाठवेल. अक्षर लागलं नाही तर सूनबाईकडून वाचून घे.

तर मी रेडिओ ऐकतो. हस, हस. साता समुद्रापलीकडं जाऊन म्हातारा रेडिओ ऐकतो म्हणून आपल्या यंत्रमागाच्या खात्यात सगळ्यांना सांग.

झालं असं, मार्चमध्ये आल्या आल्या जावयाच्या गाडीत बसलो. विजेवरची गाडी, समोर फळीएवढा पडदा. म्हटलं, रेडिओ लावा की. तर म्हणाले, "बाबा, यात एएम, म्हणजे मध्यम लहरींवरचा रेडिओ, नाहीच. मोटरमुळं खरखर होते, म्हणून काही कंपन्यांनी ते काढूनच टाकलंय." मला हसूच आलं. आपल्या खात्यात मोटर सुरू झाली की सांगली केंद्र खर्रर्र करून बुडायचं, आठवतं? चोवीस माग खडखडत असताना तू मर्फीचं कान पिळून पिळून 'आपली आवड' पकडायचास. रेडिओ काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून चार डॉलरला एक ट्रान्झिस्टर आणला. एरियल मोडकी, तिला लेकीच्या स्वयंपाकघरातला चिमटा लावलाय. सकाळी सातला, म्हणजे तुमचा दुपारचा चहा होतो त्या वेळी, ओट्यावर ठेवून काटा फिरवत गेलो. गप्पा, गप्पा, प्रवचन, पुन्हा गप्पा. आणि ७४० वर अचानक व्हायोलिन. आपल्या नाटकातलं रडणारं व्हायोलिन नव्हे रे, जत्रेत पोरगं पळतं तसं पळणारं. त्याला इकडं फिडल म्हणतात. वाद्य तेच, घराणं वेगळं. तेव्हापासून काटा हलवलेला नाही.

केंद्राचं नाव डब्ल्यूपीएक्यू. इथून साठेक किलोमीटरवर माउंट एअरी नावाचं गाव आहे, लोकवस्ती जेमतेम १० हजार, तिथलं. वाटेत पायलट माउंटन लागतो, डोंगराच्या माथ्यावर खडकाचा गोल कळस बसवल्यासारखा. २ फेब्रुवारी १९४८ ला राल्फ एपर्सन नावाच्या माणसानं हे केंद्र सुरू केलं. भोवतालच्या डोंगरातली माणसं जे वाजवतात, गातात, तेच हवेत सोडायचं, हा त्याचा हट्ट. शेतकरी, गिरणीतले कामगार असे वाद्यं घेऊन यायचे आणि माइकसमोर उभे राहायचे. त्या काळच्या तबकड्या त्यानं जपून ठेवल्या, पुढं त्यांच्या सीडीही निघाल्या. २००६ साली तो गेला, मागं मुलानं केंद्र सांभाळलं. दिवसा १० हजार वॉट, आणि सूर्य मावळला की शक्ती एकदम उतरवावी लागते. रात्री मध्यम लहरी आकाशातल्या थरावर आपटून लांब लांब पोचतात आणि दुसऱ्यांच्या केंद्रात घुसतात, म्हणून तसा नियमच आहे. संध्याकाळी आवाज विरत जातो, तेव्हा मी चिमटा इकडं तिकडं करत बसतो. नात म्हणते, आजोबा रेडिओला तापमापक लावतात.

लेक या गाण्यांना सरसकट 'कंट्री' म्हणते. माउंट एअरीत तसं म्हणालास तर समोरचा तोंड जरा वाकडं करतो. कंट्री ते नॅशव्हिलचं, टोपी-बुटातलं, चकचकीत. यांचं ते 'ओल्ड टाइम', नाहीतर 'ब्लूग्रास'. फरक मला एका शनिवारी कळला. ब्लूग्रासमध्ये एकेक जण पाळीपाळीनं पुढं येऊन आपली करामत दाखवतो. ओल्ड टाइममध्ये कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. सगळे मिळून एकच धून घोळवत राहतात, आपल्या एकादशीच्या भजनात गजर चढत जातो तशी. मला अर्थातच दुसरं आवडलं. बँजो मात्र दोन्हीकडं. ते मूळचं आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचं वाद्य, हे इथल्या गोऱ्या म्हाताऱ्यांना आपण होऊन सांगताना मी ऐकलं. बरं वाटलं.

पण गाण्यांपेक्षा मला धरून ठेवलंय ते गाण्यांच्या मधल्या बोलण्यानं. कुठल्या चर्चमध्ये शनिवारी जेवण आहे, कुठला रस्ता बंद आहे, शाळेचं काय. आणि निधनवार्ता. इकडच्या लहान गावांतल्या केंद्रांची ही जुनी रीत आहे. सावकाश, नाव नीट उच्चारून, कुठल्या चर्चमध्ये किती वाजता, मागं कोण कोण. दुसऱ्या काही केंद्रांवर तर 'स्वॉप शॉप' म्हणून तास असतो. लोक फोन करून सांगतात, माझ्याकडं गवत कापायचं यंत्र विकायला आहे, कोंबड्या आहेत, कुणाला हवंय?

दत्ता, पहिल्यांदा ती निधनवार्ता ऐकली तेव्हा मी चहाचा कप तसाच हातात धरून उभा राहिलो. अरे, हा तर आपल्या चौकातला फळा! काळा रंग दिलेला, खडूनं लिहिलेलं 'निधन', आणि खाली 'रक्षाविसर्जन शुक्रवारी सकाळी ९ वाजता'. सकाळी दूध आणायला गेलेला माणूस आधी फळा बघणार, मग घरी येऊन सांगणार. इकडं तो फळाच बोलतो, एवढंच. आता आपल्या फळ्याची काय गत आहे तुला माहीत. आपला मास्तर गेला ते मला ग्रुपवर कळलं. वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, खाली बासष्ट जणांचे जोडलेले हात, आणि मधे मास्तर. वेळ, ठिकाण, काही नाही. मी तिथं असतो तरी मातीला पोचलो नसतो.

दर शनिवारी या केंद्राचा 'मेरी-गो-राउंड' नावाचा कार्यक्रम असतो, गावातल्या अर्ल थिएटरमधून थेट. १९४८ पासून चालू आहे. नॅशव्हिलचा ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओवरचा गाण्यांचा कार्यक्रम १९२५ चा, त्याच्या खालोखाल जुना आमचाच, असं गावातली माणसं छाती काढून सांगतात. मी दोन महिन्यांत पाच वेळा जाऊन आलो. जावई नेऊन सोडतात आणि स्वतः फिरायला जातात. त्यांना तासाभरात सगळी गाणी सारखीच वाटायला लागतात. त्यांचंही अगदीच चूक नाही म्हणा.

गाव टीव्हीमुळं प्रसिद्ध आहे. अँडी ग्रिफिथ हा नट इथला, १९२६ चा जन्म. १९६० च्या दशकातल्या त्याच्या मालिकेतलं मेबेरी हे काल्पनिक गाव या गावावरूनच बेतलंय, असं सगळे मानतात. त्यामुळं मुख्य रस्त्यावर निम्मी दुकानं मेबेरीच्या नावानं, आणि पर्यटकांना जुन्या पोलीस गाडीतून फिरवतात. ते मला काही भावलं नाही. गावाच्या कडेला पांढऱ्या ग्रॅनाइटची अवाढव्य उघडी खाण आहे, ती मात्र बघण्यासारखी. आणि होत्या गिरण्या. पायमोजे, बनियन, लहान पोरांचे कपडे. बहुतेक बंद पडल्या, काम परदेशात गेलं. परदेशात म्हणजे कुठं, ते मी विचारलं नाही. आपल्याच बाजूचं कुणी निघायचं.

थिएटरात पहिल्याच शनिवारी मी पुढच्या रांगेत बसलो, कारण मागून मला ऐकू येत नाही. शेजारी एक उंच म्हातारा. त्यानं बसल्या बसल्या उजवा तळहात कानामागं धरला. मीही धरलेला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मी खूण करून विचारलं, गिरणी? तो म्हणाला, "सॉक्स. तीस वर्षं." मी म्हटलं, "लूम्स. एकेचाळीस." एवढ्यावर ओळख झाली. माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे आणि त्याचं डोंगरातलं इंग्रजी लेकीलाही कळत नाही, पण आमचं अडत नाही. आडवा धागा घेऊन धोटा कसा धावतो ते मी त्याला हातानं करून दाखवलं. त्याची यंत्रं गोल फिरणारी, ते त्यानं बोट फिरवून दाखवलं. त्याला धोट्याचं भारी अप्रूप.

त्या दिवशी एक आजी नाचली. ऐंशीच्या आत नसेल. कापडी पिशवीतून काळे बूट काढले, तळव्याला पत्र्याच्या चकत्या ठोकलेले. पायातले काढून पिशवीत ठेवले, हे चढवले, नाडी दोनदा बांधली आणि टाच जमिनीवर आपटून बघितली, आपण सुताची कांडी भरल्यावर बोटानं दाबून बघतो तशी. मग स्टेजपुढच्या मोकळ्या जागेत गेली. हात दोन्ही बाजूंना सैल, कंबर स्थिर, फक्त गुडघ्याखाली सगळा खेळ. चेहरा मात्र भाजी निवडताना असतो तसा. फिडल मला अर्धंमुर्धं ऐकू येत होतं, पण तिचे पाय फरशीतून खुर्चीत आणि खुर्चीतून माझ्या पाठीत येत होते. गाणं संपलं, तिनं बूट बदलले आणि जागेवर येऊन बसली. टाळ्यांकडं लक्षही नाही.

मधे निवेदकानं विचारलं, लांबून कोण आलंय? कुणी ओहायो, कुणी टेक्सास. सॉक्सवाल्यानं माझा हात धरून वर केला. मी उभा राहून म्हणालो, "इचलकरंजी, महाराष्ट्र, इंडिया." त्यानं दोनदा प्रयत्न केला आणि शेवटी "इचिल-क्रांजी" असं म्हणून सोडून दिलं. आकाशवाणीनं तुझं आडनाव चुकवलं म्हणून तू आठ दिवस फुगून बसला होतास ना? मी नाही फुगलो. १० हजार वॉटवर आपलं गाव गेलं, क्रांजी तर क्रांजी.

जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर इथं फिडलर्स कन्व्हेन्शन असतं, १९७२ पासून. मैदानावर राहुट्या, घरासारख्या गाड्या, स्टेजवर स्पर्धा. पण खरी मजा स्टेजवर नसतेच, ती गाड्यांच्या मधल्या बोळांत. चार खुर्च्या, पाच वाद्यं, आणि कुणीही येऊन गोलात बसावं. तिथं मला टॉमी जॅरेलचं नाव सारखं ऐकू आलं. इथल्याच राउंड पीकचा फिडलवाला, १९०१ चा. पोटासाठी सरकारी रस्त्यावर ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवलं. निवृत्त झाल्यावर घराचं दार उघडंच. कुठून कुठून पोरं शिकायला यायची, तिथंच राहायची, जेवायची. १९८२ मध्ये राष्ट्रीय सन्मान मिळाला, १९८५ मध्ये गेला. तालमीतले वस्तादच म्हण की. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं आता स्वतः म्हातारी झालीत आणि गोलात बसून नव्या पोरांच्या चुका काढतात.

तुमच्या सूनबाईचं माहेर म्हसवडचं ना? तिला विचार, तिथं माणदेशी तरंग म्हणून बायकांनी चालवलेलं केंद्र आहे, ९०.४ वर. माहेरी गेली की ऐकते का ती? मी आल्यावर एकदा आपण दोघं तिकडं जाऊन बघून येऊ. गणपतीच्या आधी परततोय.

आता कामाचं. चार माग भंगारात किलोवर गेले असं तू लिहिलंस, आणि उरलेलेही दिवाळीपर्यंत काढणार म्हणतोस. तुझा हिशोब तुला माहीत, मी काही बोलत नाही. फक्त काढायच्या आधी त्या खिडकीजवळच्या मागाचा आवाज फोनवर भरून पाठव. बाकीचे बंद ठेव, तो एकटाच चालू दे. दोन मिनिटं पुरेत. धोट्याची टकटक स्पष्ट यायला हवी, म्हणून फोन जरा जवळ धर, पण कापडावर ठेवू नकोस. शनिवारच्या आत पाठव. सॉक्सवाल्याला ऐकवायचाय. फोन उजव्या कानाला लावावा लागेल, त्याचा डावा पार गेलाय.

वहिनींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू